अण्णांचे गुडघे

खेळाच्या बाबतीत मी जन्मभर एकच काम केलं, ते म्हणजे स्टुलावर बसून दुसऱ्यांचे गुण मोजायचे. माझी बायको लीना याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणते. म्हणू दे. घरात एक तरी न खेळणारा माणूस लागतोच, नाहीतर भांडणं सोडवायची कोणी?

यंदाच्या मे महिन्यात आमच्या नातीचा, ईराचा, आठवा वाढदिवस झाला. अवधूतनं, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, तिच्यासाठी मोबाईलवरून एक सेट मागवला. लांबट पिशवीत तुकड्यातुकड्यांचे दोन खांब, एक जाळी, चार रॅकेटी, प्लॅस्टिकची तीन फुलं, म्हणजे शटलकॉक, आणि हवा भरायचा एक हलका व्हॉलीबॉल. जाळी वर बांधली की व्हॉलीबॉल, खाली घेतली की बॅडमिंटन. पिशवीवर हिरवळीवर खेळणाऱ्या हसऱ्या माणसांचं चित्र होतं. आमच्या सावेडीच्या बंगल्यामागं हिरवळ कुठली? सगळा मुरूम. सेटमधली खुंटी अवधूतनं हातोडीनं ठोकायला घेतली तर खुंटीच वाकली. शेवटी रंगाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून त्यात खांब उभे केले. तरी ते झुकायचे ते झुकलेच. स्वस्तातली वस्तू, तिच्याकडून ताठ उभं राहायची अपेक्षा तरी किती करायची.

पहिल्या संध्याकाळी व्हॉलीबॉल झाला. एका बाजूला अवधूत आणि ईरा, दुसऱ्या बाजूला लीना आणि आमची सून रुचा. मी स्टुलावर. चेंडू इतका हलका की वारा नेईल तिकडं जायचा. लीनानं खालून एक सर्व्हिस मारली, ती जाळीवरून न जाता कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या रिकाम्या प्लॉटात गेली. ईरा हसून हसून खाली बसली. तीनदा भिंतीवर चढून अवधूत कंटाळला, आणि मग जाळी खाली आली.

लीनानं रॅकेट हातात घेतली. एकसष्ट वर्षांची बाई, सकाळी डबा उघडताना बोटं दुखतात म्हणते, पण ती बोटं मुठीवर अशी बसली की मी बघतच राहिलो. तिनं एक फूल वर उडवलं, नुसतं मनगट हलवलं, आणि फूल जाळीला लागून अलगद पलीकडं पडलं. ईरा म्हणाली, "आजी, तुला येतं?"

"येत होतं," लीना म्हणाली.

येत होतं म्हणजे काय, ते या घरात माझ्याशिवाय आता कोणालाच माहीत नाही.

आमचं लग्न झालं तेव्हा सावेडीत घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मागच्या बाजूला ज्वारीची शेतं होती, आणि गावातले लोक माझ्या वडिलांना, अण्णांना, विचारायचे, "मास्तर, एवढ्या लांब कशाला घर बांधलंत?" अण्णा शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते. लीना संगमनेरची. लग्नानंतर पंधरवड्यानं तिची बॅग रिकामी करताना टॉवेलात गुंडाळलेली एक रॅकेट निघाली. आई म्हणाली, ही कशाला आणलीस? लीना घाबरून ती परत गुंडाळायला लागली. अण्णा दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "तुझी आहे?" ती मान खाली घालून हो म्हणाली. अण्णांनी तिथंच चपला घातल्या, सायकल काढली आणि कापड बाजारात जाऊन दुसरी रॅकेट घेऊन आले.

त्यांनी शाळेच्या मागच्या मैदानावर इतर मास्तरांबरोबर बॅडमिंटन शिकून घेतलं होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. रामफळाचं झाड आणि कपडे वाळत घालायचा खांब यांच्यामध्ये दोरी बांधली. जाळी कुठून आणायची? आईचं एक जुनं नऊवारी लुगडं दोरीवर टाकलं. आई म्हणाली, "माझं लुगडं नेसायचं की खेळायचं, ते एकदा ठरवा." पण तिनंच मग ते चिमट्यांनी नीट ताणून दिलं. दर रविवारी अण्णा चुन्याच्या फक्कीनं रेघा मारायचे, आणि ओल्या फक्कीवर कोणी पाय दिला तर ओरडायचे, वर्गात ओरडायचे तसेच.

रोज संध्याकाळी चहा झाला की सासरे आणि सून मागच्या अंगणात. अण्णा लेंगा, बनियन आणि पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत. लीना पाचवारी साडीत, पदर कमरेला घट्ट खोचून. मी स्टुलावर. एकदा माझी आत्या आली होती, तिनं हा प्रकार पाहिला आणि कपाळाला हात लावला. "दादा, सून सासऱ्यापुढं उड्या मारते, शोभतं का हे?" अण्णा घाम पुसत म्हणाले, "उड्या नाहीत, स्मॅश म्हणतात त्याला. शिकायचा असेल तर तूही ये." आत्या दोन दिवस राहायला आली होती, पण त्याच संध्याकाळी गेली.

ते दिवस आठवले की मला आजही बरं वाटतं. त्या काळी आमच्यात सासरा सुनेशी बोलायचा तो जेवताना, भाजी चांगली झाली म्हणायला. इथं हे दोघं आउट की इन यावरून तावातावानं भांडायचे आणि निकाल माझ्याकडं यायचा. मी नेहमी अण्णांच्या बाजूनं द्यायचो.

आता खरी गोष्ट. लीना कॉलेजकडून विद्यापीठाच्या स्पर्धांना खेळलेली. अण्णा शाळेच्या मैदानावर शिकलेले. तरी जिंकायचे अण्णाच. तेव्हा सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळायचा, त्यामुळं हरायचं कसं हे ज्याला कळतं त्याला हरणं फार सोपं होतं. लीना बारापर्यंत, तेरापर्यंत यायची, आणि मग तिची सर्व्हिस लुगड्यात अडकायची. एक फटका बाहेर, एक लुगड्यात. अण्णा पंधरा. मी बाकी काही न खेळणारा असलो तरी आंधळा नव्हतो. एकदा ती पोळ्या लाटत असताना मी विचारलं, "मुद्दाम हरतेस ना?"

लाटणं न थांबवता ती म्हणाली, "मग काय सासऱ्यांना हरवू? आणि सणाच्या दिवशी वाकून नमस्कार करताना कसं वाटेल?"

मला ते पटलं. आमच्याकडं मोठ्यांना हरवायची पद्धतच नव्हती. कॅरमसारखा बैठा खेळ तेवढा मी खेळायचो, त्यातही राणी अण्णांसाठी सोडायचो. मान द्यायचा म्हणजे हेच, असं आम्ही समजून होतो.

दोन-अडीच वर्षं हा खेळ चालला आणि एका संध्याकाळी अण्णा मागच्या अंगणात आलेच नाहीत. लीना बोलवायला गेली तर म्हणाले, "आता नको. गुडघे दुखतात." दुसऱ्या दिवशीही तेच. आईनं लुगडं धुऊन, घडी करून कपाटात ठेवलं. रॅकेटी खिळ्याला टांगल्या. आई रोज रात्री तेल गरम करून त्यांच्या गुडघ्यांना चोळायची आणि ते मुकाट्यानं चोळून घ्यायचे. पुढं ते बारा वर्षं होते. पाहुण्यांनी विचारलं की आम्ही सांगायचो, अण्णांचे गुडघे गेले, नाहीतर काय खेळायचे.

एवढ्या वर्षांनी या झुकलेल्या खांबांच्या जाळीपाशी लीना पुन्हा उभी राहिली, आणि समोर रुचा.

रुचा नाशिकची. तिला या घरात येऊन दहा वर्षं झाली. वरच्या खोलीत बसून ती पुण्याच्या एका कंपनीचं काम लॅपटॉपवर करते. शांत, व्यवस्थित, कोणाला कधी उलट बोलली नाही. आणि लीनाची तक्रार नेमकी तीच होती. दिवाळीला पैठणी घेऊ का सिल्क? "काहीही चालेल, आई." सुट्टीत महाबळेश्वरला जायचं की कोकणात? "चालेल, आई." पाहुणे चार दिवस राहायला येताहेत. "चालेल." सून भांडत नाही म्हणून डोळ्यांत पाणी आणणारी सासू जगात मी एकच पाहिली.

"दहा वर्षं झाली अहो," ती मला म्हणायची, "आणि मला या मुलीतलं काही म्हणजे काही माहीत नाही. उद्या मी मेले तर ही लोकांना काय सांगेल? आई चांगल्या होत्या. बस्स, एवढंच. मला ती कळली पाहिजे हो. माझ्याकडं काय अजून पन्नास वर्षं आहेत का?"

मी म्हणायचो, "बरं चाललंय ते चालू दे." मला शांतता आवडते. पण लीनाला ते सलत होतं, आणि म्हणून जाळीपाशी रुचा आपण होऊन आली याचा तिला फार आनंद झाला.

रोज संध्याकाळी दोघी खेळायला लागल्या. लीनानं रुचाचेच जुने बूट चढवले, पंजाबी ड्रेसची ओढणी आडवी बांधली. आणि लीना जिंकायला लागली. रोज. पंधरा-बारा, पंधरा-तेरा. मी जुन्या पद्धतीनंच गुण मोजत होतो, मला नवी पद्धत जमत नाही. लीना संगमनेरला बहिणीला फोन करून सांगायची, "अगं, हात अजून आहे माझा." जेवताना तिला भूक लागायची. चेहरा उजळला होता तिचा. इतक्या वर्षांत तिला असं बघितलं नव्हतं, मग मी कशाला बोलू? पण फटका रेघेच्या बाहेर कुठं आणि कधी जातो ते मी या अंगणात आधी पाहिलेलं होतं. मी ताकास तूर लागू दिली नाही.

एका संध्याकाळी दूध तापत ठेवलंय म्हणून लीना खेळ अर्ध्यावर टाकून आत गेली. अवधूत पायरीवर बसला होता. त्यानं रॅकेट उचलली. मी स्टुलावरच होतो. आणि मग जी रुचा मी पाहिली ती मी कधीच पाहिली नव्हती. ती मागं सरकली, हात वर गेला, आणि फूल अवधूतच्या पायाशी असं आपटलं की तो जागचा हललाही नाही. "घे!" ती ओरडली. पुढचंही तसंच. "हे पण घे!" अवधूत म्हणाला, "अगं हळू, मरीन मी." ती खदाखदा हसत होती, केस सुटले होते, आणि पलीकडच्या घरातून कोणी बघेल याची तिला फिकीर नव्हती.

स्वयंपाकघराची खिडकी मागच्या अंगणात उघडते. लीना तिथं सांडशी हातात धरून उभी होती. तिच्या मागं दूध उतू गेलं, मला इथपर्यंत वास आला, पण ती हलली नाही.

ती परत खेळायला आली नाही. मी आत गेलो तेव्हा ओटा पुसत होती. मला वाटलं आता रुचाबद्दल काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "अण्णांचे गुडघे दुखत नव्हते."

"काय?"

"दुखत असते तर रोज सकाळी सायकल मारत दिल्ली दरवाज्यापर्यंत कसे गेले असते? शेवटच्या वर्षापर्यंत जात होते."

 त्या सायकलच्या चेनला दर महिन्याला तेल मी घालायचो. एका हातानं चेनला तेल घालत होतो आणि तोंडानं पाहुण्यांना अण्णांचे गुडघे गेले म्हणून सांगत होतो, बारा वर्षं. एवढा बिनडोक माणूस जिल्हा परिषदेत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला.

लीना म्हणाली, "शेजारची ती कॉलेजातली मुलगी आठवते? एकदा रॅकेट मागायला आली होती. मी म्हटलं, चल, एक गेम खेळू. मी तिला धू धू धुतलं. खेळ संपल्यावर वळून बघते तर अण्णा दारात. म्हणाले, छान खेळतेस. आणि आत गेले. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गुडघे." तिनं फडकं पिळलं. "मला वाटलं मी त्यांचा मान ठेवतेय. त्यांना वाटलं असेल, ही मला पोरासारखं खेळवत होती. मगाशी खिडकीतून बघताना मला जे वाटलं, तेच त्यांना वाटलं असणार हो. आणि एका शब्दानं बोलले नाहीत."

मला रडू आलं. पासष्टी ओलांडलेल्या माणसाचं रडू लवकर आवरत नाही. पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, हातात दोन रॅकेटी घेऊन चहा संपायची वाट बघणारे अण्णा मला दिसत होते. त्यांना जिंकायचं नव्हतं. त्यांना घरात कोणीतरी बरोबरीनं खेळणारं हवं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना मान देऊन एकटं पाडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लीना जाळीपाशी गेली आणि रुचाला म्हणाली, "आज एक ठरवू या. तू मुद्दाम हरलीस, तर उद्यापासून माझे गुडघे दुखतील."

रुचाला काही कळेना. मग लीनानं तिला अण्णांचं सगळं सांगितलं, लुगड्यापासून सायकलपर्यंत. अवधूतही पायरीवर बसून ऐकत होता. त्यालाही यातलं काही माहीत नव्हतं. रुचा रॅकेटच्या तारा बोटांनी सारख्या करायला लागली.

"पण आई, तुम्हाला हरवायचं म्हणजे कसंतरीच वाटतं."

"वाटू दे. मला हरल्याचं काही नाही गं. काल तू 'घे' म्हणून ओरडलीस ना, तसं माझ्यासमोर ओरडलेलं मला हवंय."

मी म्हणालो, "लव्ह ऑल." शून्य-शून्य, खेळ सुरू.

पहिले दोन गुण रुचा बिचकतच खेळली. मग लीनानं एक फूल असं जाळीजवळ टाकलं की रुचाला धावूनही मिळालं नाही, आणि लीना म्हणाली, "घे." रुचानं वर बघितलं. त्यानंतर आमच्या मंडळींची जी धुलाई झाली ती काय सांगू. ही उजवीकडं धावली की फूल डावीकडं. ही मागं गेली की फूल पुढं. ओढणी सुटली, श्वास लागला, एकदा तर खांबाच्या डब्याला अडखळली. ईरा पायरीवरून ओरडत होती, "आजी, पळ." पंधरा-चार. लीनाच्या चारातले दोन मी दिले होते, ते नंतर दोघींनी मिळून काढून घेतले. लीना कमरेवर हात ठेवून, लालबुंद होऊन हसत होती.

रुचा जाळीपाशी आली. तीही धापा टाकत होती. तिनं एकदा अवधूतकडं बघितलं. अवधूतनं मान खाली घातली.

"आई, अजून एक खरं सांगायचंय," ती म्हणाली. "आम्ही पुण्याला जायचं ठरवलंय. कंपनीनं आता रोज ऑफिसात बोलावलंय. अवधूतलाही चाकणला नोकरी मिळतेय. ईराची शाळा बघून ठेवलीये. दिवाळीपासून आमचं चाललंय, पण तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता."

लीनाचं हसू गेलं.  निकाल माझ्याकडं मागितला असता तरी मला देता आला नसता.

"कधी?" लीनानं विचारलं.

"शाळा सुरू व्हायच्या आधी."

"इथं आवडलं नाही का तुला?"

कालची रुचा असती तर म्हणाली असती, तसं काही नाही आई. आजच्या रुचानं थोडा विचार केला. "तुम्ही आवडता. घर पण आवडतं. पण हे माझं घर आहे असं मला कधी वाटलं नाही. मी दहा वर्षं नीट वागतेय. दमले मी, आई. मला एकदा स्वतःच्या घरात पसारा करून बघायचाय."

मला वाटलं लीना आता आत निघून जाईल. ती जाळीला धरून उभी राहिली, आणि ती हलकी जाळी तिच्या वजनानं खाली झुकली.

"तुला भाजीत गूळ आवडतो का गं?" तिनं विचारलं.

"नाही. अजिबात नाही."

"आणि दहा वर्षं खाल्लास."

"हो." रुचाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ती हसतही होती. लीनानं जाळीवरून हात पुढं केला आणि तिच्या कपाळावरचे ओले केस मागं सारले. दहा वर्षांत तिनं रुचाच्या केसांना हात लावलेला मी पाहिला नव्हता.

अवधूत उठून पाणी आणायला गेला. ईरा आईला विचारत होती की पुण्याच्या घराला मागं अंगण आहे का, आणि रुचा तिला खरं तेच सांगत होती, की नाही. मी स्टुलावरून उठून लीनाजवळ गेलो. ती झुकलेली जाळी ओढून सारखी करत होती.

"काढू का जाळी?" मी हळूच विचारलं.

"उजेड आहे अजून."

"दमलीस. आणि मला माहितीये तुला काय वाटतंय ते."

"वाईट वाटतंय," ती म्हणाली. "खूप वाईट वाटतंय. आत गेले की रडणारे मी. पण महिनासुद्धा उरला नाही हो, आणि ती आत्ता कुठं माझ्याशी खेळायला लागलीये. जायच्या आधी मला तिला एकदा तरी हरवायचंय. खरंखुरं."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं, खाली पडलेलं फूल उचललं आणि जाळीवरून पलीकडं टाकलं.

"रुचा, सर्व्हिस तुझी."